झाकलेली बांय

ताईला पाहायला पेडण्याहून मंडळी आली होती. मुलगा, त्याचे आईवडील, एक मामा आणि मध्यस्थ म्हणून आमच्याच वाड्यावरचे एक गृहस्थ. पोहे झाले, नाव, गाव, शिक्षण विचारून झाले आणि ताई चहा घेऊन आली. त्या दिवशी नळाला सकाळपासून पाणी नव्हते, म्हणून आईने विहिरीच्या पाण्याचा चहा केला होता. दूध घातले तरी त्याला चुलीतल्या राखेचा रंग, आणि कपाच्या कडेला शाईसारखी काळी रेघ. मुलाच्या आईने कप तोंडाजवळ नेला, किंचित थांबल्या आणि तो तसाच बशीत ठेवून म्हणाल्या, "मला पित्त आहे, चहा चालत नाही." मामांनी मात्र एक घोट घेतला आणि मग बराच वेळ ते खिडकीबाहेरच्या माडाकडे पाहत राहिले.

आठ दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. पत्रिका खरोखर जुळत नसेलही. ताई तर म्हणाली, "बरे झाले, मला एवढ्या लांब जायचेच नव्हते." पण आईने ते मनाला लावून घेतले. तिच्या मते पत्रिका नव्हे, पाणी आडवे आले. त्या दिवसापासून पाहुणा आला की ती आधी शेजारी कळशी घेऊन धावू लागली. आपल्या अंगणात विहीर असताना दुसऱ्याच्या दारात पाण्यासाठी उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याच्यावर आले त्यालाच कळते.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमाखर्चाच्या वहीत डावी बाजू आणि उजवी बाजू जुळवणे एवढेच माझे शास्त्र. पाण्यातल्या लोहावर आणि गंधकावर मी लेख लिहावा हे विज्ञान शाखेच्या मित्रांना रुचणार नाही. परंतु त्यांच्या घरच्या चहाने त्यांना हा अभ्यास करायला लावला नाही, त्याला मी काय करणार?

आमचे घर मुरगाव तालुक्यात, झुआरीच्या काठी. मागे जांभ्या दगडाची टेकडी, पुढे खाजन शेती, मध्ये आम्ही. विहीर आजोबांनी खोदली. तीस-एक फूट खोल, आतून चिऱ्यांनी बांधलेली. तिला बाबा कोकणीत 'बांय' म्हणतात, धारवाडकडून आलेली माझी आई कन्नडमध्ये 'बावी' म्हणते आणि मी शाळेत शिकल्याप्रमाणे 'विहीर' म्हणतो. मराठीतही 'बाव' आहेच. एकाच खड्ड्याला एका घरात इतकी नावे, पण तिचे पाणी का नासले हे एकालाही ठाऊक नव्हते.

पाण्याची लक्षणे आधी सांगतो, कारण असे पाणी पुष्कळ घरांत असेल. पंपातून येताना पाणी स्वच्छ, अगदी काचेसारखे. पण नाकाला कुजक्या अंड्याचा वास. बादलीत रात्रभर ठेवले की वास जातो आणि पाणी पिवळे होते. सकाळी तळाशी विटकरी रंगाचा गाळ. मोरीला तांबडे ओघळ. पंपाच्या नळीत बोट घातले तर शेवाळासारखा बुळबुळीत तांबूस थर. देवघरातली चांदीची निरांजने आठवड्यात काळी पडत. बाबांचा पांढरा सदरा, जो ते वास्कोच्या दामोदर सप्ताहात भजनाला घालतात, तो धुऊन धुऊन पिवळट झाला. आईने तो ब्लीचमध्ये बुडवला, तर डाग जाण्याऐवजी अधिकच पक्के झाले. याचे कारण पुढे कळले. ब्लीचने पाण्यातले लोह गंजते आणि धाग्यातच बसते. अशा डागाला लिंबू आणि मीठ लावायचे असते.

वाड्यावर यावर मते अनेक होती. एकाचे म्हणणे, बंदरावर इतकी वर्षे खनिज चढवले, ती धूळ जमिनीत मुरली. दुसऱ्याचे म्हणणे, पंपाची लोखंडी नळी गंजली असेल. आईचे म्हणणे, कुणाची तरी नजर लागली. मला पहिले मत सर्वांत पटले, कारण रागावण्यासाठी त्यात कोणीतरी होते.

परंतु या रागातही एक अडचण होती. बाबा बार्जवर खलाशी होते. डिचोलीच्या खाणींतले खनिज सारमानससारख्या धक्क्यांवरून बार्जमध्ये भरायचे आणि मांडवीतून मुरगाव बंदरात जहाजांकडे आणायचे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा मी दुसरीत होतो. बार्ज नदीत नांगरून पडल्या आणि बाबा घरी बसले. २०१४ च्या निकालानंतर थोडे काम सुरू झाले, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हा ते पुन्हा घरी आले, ते कायमचे. आता ते एका गोदामावर रखवालदार आहेत. आमच्या घरातले तांदूळ, माझी वह्या-पुस्तके, ताईचे शिक्षण, सगळे त्या लोखंडातून आले. तेच लोखंड चहात उतरले म्हणून कोणत्या तोंडाने बोलायचे?

शेवटी मी एका बाटलीत पाणी काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून, रसायनशास्त्राच्या सरांकडे नेले. वाणिज्यचा विद्यार्थी प्रयोगशाळेच्या दारात पाहून त्यांना आधी वाटले की मी वर्गणी मागायला आलो आहे. त्यांनी बाटली उघडून वास घेतला आणि हसून म्हणाले, "ओहोटीच्या वेळी खाजनाच्या मानशीजवळ उभा राहिला आहेस कधी?" मी मान हलवली. तोच वास! काळ्या चिखलाचा, पायाने ढवळला की बुडबुड्यांतून येणारा. लहानपणापासून तो माझ्या नाकात होता, पण अंगणातल्या विहिरीशी त्याचे नाते जोडायला मला एक प्राध्यापक लागले.

सरांनी समजावले ते माझ्या भाषेत असे. आपला जांभा दगड म्हणजे मुळातच लोहाने भरलेली माती. त्याचा तांबडा रंग गंजाचाच. खाण असो वा नसो, या दगडातून झिरपणाऱ्या पाण्यात लोह येऊ शकते. मात्र हवेशी संबंध असेल तोवर ते गंजलेल्या रूपात दगडातच राहते, पाण्यात विरघळत नाही. हवा तुटली की त्याचे रूप बदलते. ते फेरस होते, विरघळते, दिसत नाही. पुन्हा हवा लागली की फेरिक होते, तांबडे होऊन खाली बसते. म्हणून पंपाचे पाणी आधी काचेसारखे आणि सकाळी विटकरी. वासाचेही तेच. हवा नसलेल्या जागी काही जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि गंधकाचा तो दुर्गंधी वायू, हायड्रोजन सल्फाइड, सोडतात. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. खाडीकाठच्या विहिरीला त्याचा अंश मिळाला आणि खायला कुजका पालापाचोळा मिळाला, की त्या जिवाणूंची दिवाळी.

"आणि चहा?" मी विचारले.

"तुमच्या घरी जुनी पोथी आहे का?" त्यांनी उलट विचारले. आहे. डिचोलीच्या घरी आजोबांच्या वडिलांच्या हातची एक पोथी लाल फडक्यात बांधलेली आहे. "ती शाई कशाची? हिरडा आणि हिराकस. हिरड्यात टॅनिन, हिराकशीत लोह. दोन्ही मिळाली की काळी. चहातही टॅनिनच. तुझ्या आईने पाहुण्यांना शाई दिली, एवढेच." हिराकस म्हणजे लोह आणि गंधक यांचाच क्षार, हेही त्यांनी जाता जाता सांगितले. एकाच शब्दात आमची दोन्ही दुखणी बसलेली पाहून मला हसू आले, घरी आईला मात्र आले नाही.

सरांच्या सांगण्यावरून पाणी तपासून घेतले. लोह लिटरला २.८ मिलीग्रॅम निघाले. ०.३ च्या वर गेले की कपड्यांवर डाग पडू लागतात. म्हणजे आमचे नऊपटींहून अधिक. पाण्याचा सामू ५.९, म्हणजे किंचित आंबट. जांभ्यातले पाणी बहुधा असेच असते, आणि आंबट पाण्यात लोह लवकर गंजत नाही, म्हणून ते नुसते ठेवून पुरते साफ होत नाही. गंधकाच्या वायूचा आकडा अहवालात नव्हता. साध्या बाटलीतून नेईपर्यंत तो उडून जातो, त्याच्यासाठी नमुना वेगळ्या रीतीने घ्यावा लागतो. एवढे लोह विष नव्हे, असे सरांनी आईला सांगायला सांगितले. चव, रंग आणि डाग यांचा हा प्रश्न आहे. पण जिवाणूंचा भरवसा नाही, म्हणून पिण्याचे पाणी उकळायचे ते उकळायचेच.

याच दिवसांत दारावर एक विक्रेता आला. मोठ्या नावाच्या यंत्राचा, आणि तोंडाने त्याहून मोठा. त्याने दोन पेले मांडले. एकात आमच्या नळाचे पाणी, विहिरीचेही नव्हे, आणि दुसऱ्यात त्याच्या यंत्रातले. दोन्हींत लोखंडी कांड्यांचे एक उपकरण बुडवून त्याने वीज सोडली. मिनिटाभरात नळाचे पाणी तपकिरी, दाट, किळसवाणे झाले. यंत्राचे तसेच स्वच्छ. आईने तोंडाला पदर लावला. "हे तुम्ही रोज पिता, ताई," विक्रेता हळहळून म्हणाला. यंत्राची किंमत बाबांच्या दीड महिन्याच्या पगाराएवढी, हप्त्याची सोय होती. बाबा सही करण्याच्या बेतात होते, पण ताई म्हणाली, "उद्या या."

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा ताईने त्याच्याच स्वच्छ पाण्यात चिमूटभर मीठ टाकले आणि म्हणाली, "आता लावा बघू तुमच्या कांड्या." तेही तपकिरी झाले. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतोच. विजेने कांड्यांचेच लोखंड झिजून पाण्यात उतरते. क्षार असले तर वीज वाहते, नसले तर नाही, एवढाच फरक. ही युक्ती तिला कुठून कळली ते तिने मला आजवर सांगितलेले नाही. शिवाय इतके लोह असलेले पाणी सरळ त्या यंत्रात सोडले तर त्याचा पडदाच तुंबतो, हे सरांनी नंतर सांगितले. मला एवढे मात्र वाटले की पेडणेकरांनी चहापेक्षा मुलीकडे नीट पाहायला हवे होते.

मे महिन्यात डिचोलीला आजीकडे गेलो. तिच्या बांयेची कथा निराळी. खाण खोल गेली, भूजलाच्या खाली गेली, खंदकातले पाणी पंपाने उपसू लागले, तेव्हा भोवतालच्या विहिरी आटल्या. शिरगावच्या विहिरींची तक्रार तर उच्च न्यायालयापर्यंत गेली. आजीची बांयही कोरडी पडली होती. २०१२ मध्ये खाण थांबली, खंदक भरला आणि दोन पावसाळ्यांनी तिच्या बांयेला पाणी आले. ज्या वर्षी तिच्या मुलाचे काम गेले त्याच्याच पुढे तिचे पाणी परतले. या जमाखर्चात जमा कोणती आणि खर्च कोणता, हे मला अजून मांडता आलेले नाही.

आजीला मी सगळे शास्त्र ऐकवले. हवा तुटते, लोह विरघळते, जिवाणू वाढतात. तिने सुपारी कातरता कातरता ऐकून घेतले आणि विचारले, "तुमी बांयेचे तोंड बांधलेत तेव्हापासून ना रे हे?"

मी गप्प झालो. कारण ते तोंड माझ्यामुळेच बांधले होते. मी चार वर्षांचा असताना काठावर वाकलेला आईला दिसलो. त्याच आठवड्यात बाबांनी विहिरीवर सिमेंटचा स्लॅब घातला, त्यात नळीपुरते भोक ठेवले आणि रहाट काढून टाकला. नळाला साळावली धरणाचे पाणी येत होतेच, विहिरीची गरज उरली नव्हती. पुढे नळ बेभरवशाचा झाला तेव्हा पंप बसवला. त्याआधी दिवसाला चाळीस-पन्नास कळशा आपटत खाली जात, पाणी घुसळत वर येत. ती कळशी नुसते पाणी काढत नव्हती, हवाही आत नेत होती. आम्ही विहीर झाकली, ढवळायची बंद केली, आणि पंपाचा फुटव्हॉल्व्ह ठेवला अगदी तळाच्या गाळात. वरून घातलेल्या स्लॅबच्या फटीतून पाने पडत होतीच. बंदर, बार्ज, नळी, नजर, सगळे निर्दोष सुटले.

स्लॅब फोडायचा आणि गाळ काढायचा असे ठरले. बाबांनी विहिरी साफ करणारा एक माणूस आणला, गदगकडचा, पन्नाशीतला, बोलायला कमी. स्लॅबचा एक कोपरा फोडून त्याने आत डोकावले, नाक मुरडले आणि हात झाडून उभा राहिला. मी घरात पंपाची वायर सोडवत होतो. बाहेर आवाज चढलेले ऐकू आले.

"गाळी इल्ल," तो म्हणत होता. "गाळी इल्ल री."

बाबांचे कन्नड बाजारापुरते. 'इल्ल' म्हणजे नाही, हे त्यांना कळते. "गाळ नाही कसा?" ते ओरडले. "फूट-दीड फूट गाळ आहे! काम नको असेल तर तसे सांग." तो पुन्हा तेच म्हणाला. बाबांनी सदरा काढला, दोर कमरेला बांधायला घेतला. आयुष्यभर बार्जवर दोरावर चढलेला माणूस, तीस फुटांची विहीर त्यांना काय! "मीच उतरतो," म्हणाले.

मी बाहेर आलो आणि माझ्या कानात ते दोन शब्द एकमेकांवर आपटले. मराठीत गाळ म्हणजे चिखल. कन्नडमध्ये गाळी म्हणजे हवा, वारा. तो गाळ नाही म्हणत नव्हता. आत हवा नाही म्हणत होता.

मी बाबांचा दोर धरला. आईही पदर खोचून धावत आली. त्या माणसाने शांतपणे कंदील मागितला, पेटवला आणि सुतळीने आत सोडला. आम्ही चौघे फटीतून बघत होतो. दहा फुटांवर ज्योत निळसर झाली, बारीक झाली. पंधरा फुटांवर गेली. कोणी काही बोलले नाही. बाबांनी कमरेचा दोर सोडला आणि पायरीवर बसले. थोड्या वेळाने त्यांनी त्या माणसासाठी आईला चहा करायला सांगितला, शेजारच्या पाण्याचा.

सरांना हे सांगितले तेव्हा ते कंदिलावरूनही रागावले. ज्योत विझली तर प्राणवायू कमी आहे एवढे कळते. पण ज्योत जळते आहे म्हणून विषारी वायू नाही असे ठरत नाही, आणि पेट घेणारा वायू असेल तर कंदीलच घात करतो. हायड्रोजन सल्फाइड हवेहून जड, तळाशी साचतो. थोडा असतो तोवर वास येतो. फार झाला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो, माणसाला वाटते हवा सुधारली. झाकलेल्या विहिरीत एक उतरतो, बेशुद्ध होतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो आणि पान उलटतो. मीही उलटत होतो.

तो माणूस त्या दिवशी मजुरी न घेता गेला. जाताना आईला कन्नडमध्ये सांगून गेला की सगळा स्लॅब काढा, पाणी उपसा, बादल्या वरखाली करा, पंख्याने वारा आत सोडा आणि मग मला बोलवा. आम्ही तीन दिवस तेच केले. भाड्याने ब्लोअर आणून त्याची रुंद नळी तळाजवळ सोडली. मग तो आला, ब्लोअर चालूच ठेवून, कमरेला दोर आणि वर दोन माणसे उभी करून उतरला. उतरण्यापूर्वी माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, "हवा आहे." बाबा हसले. त्या तीन दिवसांत त्याने तो शब्द कुठून तरी शिकून घेतला होता.

गाळ निघाला तो कोळशासारखा काळा. लोह आणि गंधक यांच्या संयोगाचा तो रंग. अंगणात पसरल्यावर दोन दिवसांत तो वरून तांबडा होत गेला. त्यात माडाची झावळी, एक रबरी चप्पल आणि आजीची तांब्याची एक कळशी सापडली. पूर्ण काळी, ओळखू न येणारी. ताईने तिला आमसुलाने घासायला घेतले. संध्याकाळपर्यंत एका बाजूला सोन्यासारखा ठिपका दिसू लागला आणि मग तिने हट्टाने सगळी घासली.

विहिरीवर आता स्लॅब नाही, लोखंडी जाळी आहे. फुटव्हॉल्व्ह तळापासून चार फूट वर घेतला. वास तेवढ्यानेच निम्म्याहून कमी झाला. ब्लीचिंग पावडर मी उत्साहाने आणि मापाशिवाय टाकली, तर विहीरभर पाणी कुंकवासारखे लाल झाले आणि दोन दिवस शेजाऱ्यांकडे पुन्हा कळशी न्यावी लागली. ही चूक सर्वस्वी माझी.

उरलेल्या लोहासाठी गाळणी केली. ही काही माझी कल्पना नव्हे. आसामात घरोघरी वाळू-कोळशाच्या गाळण्या लावून लोहाचे पाणी पितात. सर्वांत वर भोके पाडलेली तीन पसरट भांडी, एकाखाली एक, त्यांत विटांचे तुकडे. पाणी पावसासारखे पडत जाते, हवा घेते, वास सोडते. खाली पिंप. त्यात खुब्यांच्या शिंपल्यांच्या चुन्याची निवळी, मोजून, आंबटपणा मारण्यापुरती. रात्रभर मुरू द्यायचे. सकाळी वरचे पाणी दुसऱ्या पिंपात, ज्यात खाली खडी आणि वर दोन फूट धुतलेली रेती. (गोव्यात रेती मिळवणे हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) सगळा खर्च ३,४६० रुपये, पावत्यांसह माझ्या वहीत आहे.

पहिले दोन आठवडे पाणी पिवळेच येत होते. बाबा रोज पेला उजेडात धरायचे आणि काही न बोलता खाली ठेवायचे. ते न बोलणे विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा जड होते. मी सरांकडे गेलो तर ते म्हणाले, रेती अजून कच्ची आहे, तिच्या कणांवर गंजाचा थर चढू दे. तोच थर पुढे पाण्यातले लोह ओढून घेतो. म्हणजे ज्या गंजाला काढायचे त्यालाच कामाला लावायचे. तिसऱ्या आठवड्यात पाणी निवळले. पुन्हा तपासले तेव्हा लोह ०.२ होते.

ताईला त्यानंतर कोणी पाहायला आलेले नाही. चांगला रंग आलेला चहा आम्हीच पितो. आईला हा लेख मी कन्नडमध्ये सांगून दाखवला. 'गाळी'ची गोष्ट कन्नड विभागातही यायला हवी, असे तिचे म्हणणे पडले. संपादकांनी विचार करावा.

दर रविवारी बाबा रेतीचा वरचा थर काढून धुतात. ते काम त्यांनी मला कधी करू दिले नाही. धुतलेले तांबडे पाणी ते जास्वंदीच्या मुळाशी ओततात. परवा मी त्यांना हिशेब करून दाखवला. दिवसाला तीनशे लिटर पाणी, लिटरमागे २.६ मिलीग्रॅम लोह निघते. म्हणजे दिवसाला पाऊण ग्रॅम, वर्षाला पाव किलोहून थोडे अधिक. हजार टनांची बार्ज, तिच्यातल्या खनिजात अठ्ठावन्न टक्के लोह धरले, तर आपल्या विहिरीतून तेवढे लोखंड गोळा व्हायला सुमारे वीस लाख वर्षे लागतील.

बाबांनी हातातली रेती पिंपात टाकली, हात धुतले, आणि म्हणाले, "आम्ही ती चार तासांत भरत होतो."